दोन भोकांची गाठ

चिलमीत भोक एकच. वर रुंद, खाली निमुळतं, सरळ आरपार. आत गारगोटीचा खडा टाकला, बुडाशी ओली छापी गुंडाळली की भागलं. वाट सरळ असल्यामुळे चुकायला फारशी जागाच नाही. लाकडी पाइपात मात्र वाट वळते आणि सगळी भानगड त्या वळणावर सुरू होते. तंबाखूचं भोक वरून खाली येतं, धुराचं भोक बाजूने आडवं शिरतं आणि दोघांची गाठ लाकडाच्या पोटात, अंधारात पडते. ती नेमकी पडली तर पाइप. दोन मिलिमीटर चुकली तर शोभेचं लाकूड.

म्हणूनच हाताने पाइप घडवण्याच्या छंदात कामाचा क्रम उलटा असतो. बघणाऱ्याला वाटतं, आधी तंबाखू भरायची छान गोल वाटी कोरायची, मग तिला भोक पाडायचं. तसं करून पाहावं एकदा. गोल वस्तू शिकंज्यात सरळ धरताच येत नाही; ती ड्रिलच्या बिटाखाली गरकन फिरते आणि बोटांची खबर घेते. भोकं चौकोनी ठोकळ्यातच पाडायची. आकार नंतर भोकांभोवती बसवायचा, मडक्यावर जाळी विणावी तसा.

पण ठोकळा कशाचा? जगभरचे पाइपवाले ब्रायर वापरतात. भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाला बुंध्याशी, जमिनीखाली जी गाठ धरते तिचं हे लाकूड. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून याच कामावर नावारूपाला आलं. ब्रायर दाट असतं, उष्णता सोसतं, सहसा तडकत नाही. आपल्याकडे ते बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. पहिल्या पाच-सहा ठोकळ्यांची माती होणारच, हे धरून चालायचं असेल तर ती बांधावरच्या लाकडाची झालेली बरी.

मराठवाड्याच्या बांधावर पर्याय आहेत. बोर उत्तम: कठीण, दाट, बारीक रेषेचं. पेरूही चांगला, युरोपातही नाशपाती आणि चेरीसारख्या फळझाडांचे पाइप होतातच. चिंचेचा गाभा काळपट जांभळा आणि दगडासारखा असतो. दिसायला देखणा, पण जुन्या झाडातच तो पुरेसा मिळतो आणि बिटाची धार खाऊन टाकतो. बाभळीने गाडीची चाकं आणि औतं पिढ्यान्‌पिढ्या सोसली, तेव्हा ती चिवट आहे यात शंका नाही. मात्र तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, म्हणून तिला उकळण्याचा वेळ जास्त द्यावा लागतो. ब्रायरचे आकडे जसेच्या तसे बाभळीला लावणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. तिच्या वाटीची भिंत नेहमीपेक्षा दोन मिलिमीटर जास्तच जाड ठेवावी.

सागवान नको. तो तेलकट, रेषा मोकळ्या. शिसवाचा भुसा श्वासाला आणि कातडीला त्रास देतो. कण्हेर तर विषारीच, तिच्याकडे बघूसुद्धा नये. चीक निघणारं कुठलंही झाड वर्ज्य. जुन्या दाराचा, पलंगाचा तुकडाही नको, कारण त्यात मुरलेलं पॉलिश, रंग आणि वाळवीचं औषध तापल्यावर ओढणाऱ्याच्या तोंडात येतं.

पडलेल्या झाडाचा बुंधा मिळाला की ४५ मिमी रुंद, ६० मिमी उंच आणि ११० मिमी लांब असे ठोकळे कापायचे आणि ते ओले असतानाच उकळायचे. दहा-बारा तास, मधे दोन-तीनदा पाणी बदलून. पाणी आधी चहासारखं लाल होतं, मग फिकं पडत जातं. ठोकळे जर्मनच्या किंवा स्टीलच्या पातेल्यात उकळावेत, लोखंडी कढईत कधीच नाही. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. जुन्या काळी शाई अशीच करत, आणि ठोकळेही तसेच काळेठिक्कर पडतात.

वाळवणं हा आपल्या भागातला खरा पेच. ऊन भरपूर म्हणून ठोकळे गच्चीवर टाकले की पंधरा दिवसांत टोकांना चांदणीसारख्या भेगा. टोकांतून पाणी भराभर उडतं, पोटातलं अडकून राहतं, टोकं आकसतात आणि फाटतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात तर हे दोन दिवसांतच होतं. दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासायचं, ठोकळे रंध्याच्या भुशासह पोत्यात भरायचे आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. माळवदाचं घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. बाहेर आभाळ पेटलेलं असलं तरी मातीच्या छताखाली गारवा टिकतो. दर आठवड्याला वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहावं. तीन आठवडे आकडा हलला नाही की ठोकळा वाळला. याला तीन महिने लागतात, कधी सहा. घाई केलेला ठोकळा पाइप झाल्यावर तडकतो, तेही पॉलिश पूर्ण झाल्यावर.

आता भोकं. ठोकळ्याच्या बाजूवर दोन रेघा काढायच्या, उभी वाटीची आणि आडवी धुराची. आडवी रेघ वाटीच्या तळाच्या किंचित वरून जावी, म्हणजे धुराच्या भोकाचा खालचा काठ तळाशी बरोबर मिळेल. भोक वर राहिलं तर तळाची तंबाखू न जळता ओली होऊन बसते आणि पाइप हुक्क्यासारखा गुडगुडतो. गुडगुडीला ते शोभतं, कारण तिथे पाणी मुद्दाम भरलेलं असतं. भोक खाली गेलं तर तळात चर पडते आणि तिथलं लाकूड आधी जळतं.

वाटीपासून नळीपर्यंतचा लाकडी भाग म्हणजे दांडा. आधी त्याच्या तोंडाला ८ मिमीचं भोक, २० मिमी खोल. मग शिकंजा तसूभरही न हलवता त्याच रेषेत ४ मिमीचं बिट. ८ मिमीच्या बिटाने तळाला जो शंकूसारखा खळगा सोडलेला असतो तोच बारीक बिटाला मधोमध आणतो. इथे बाजारातलं साधं बिट दगा देतं. ४ मिमीचं नेहमीचं बिट जेमतेम ७५ मिमी लांब असतं, त्यातलं पंधरा-वीस चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या जबड्यात, जातं आणि आपल्याला जायचंय दांड्याचे ४५ अधिक वाटीच्या मध्यापर्यंतचे १८, म्हणजे ६३ मिमी आत. लांब बिटच घ्यावं लागतं, आणि लांब बिट लवतं. लाकडाच्या मऊ रेषेचा माग काढत ते गुपचूप बाजूला सरकतं, बाहेरून काही कळत नाही. उपाय एकच: पाच मिलिमीटर आत गेलं की बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, पुन्हा आत. भुसा दाबला की बिट तापतं, आणि तापलेलं बिट भरकटतं. किती खोल जायचं तिथे बिटाला चिकटपट्टीची खूण करावी. वाटीच्या मध्याच्या पुढे गेलं तर समोरच्या भिंतीत खड्डा पडतो आणि पाइप पुढे तिथेच जळतो.

वाटीचं भोक १९ मिमी रुंद, ३८ मिमी खोल. त्याचा तळ चमच्याच्या पाठीसारखा गोल हवा, सपाट नको. असं बिट दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. १९ मिमीचं चपट्या पात्याचं बिट घेऊन ते ग्राइंडरवर गोल घासून घेता येतं. मधलं टोकदार नाकही घासून छोटं करावं, नाहीतर ते तळ फोडून निघतं. घासताना दर चार-पाच सेकंदांनी पाण्यात बुडवावं. पातं निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग ते लोणी कापायच्या कामाचं.

आधी १२ मिमीच्या बिटाने २५ मिमीपर्यंत जाऊन घ्यावं, मग हे घडवलेलं बिट लावावं. शेवटचे पाच मिलिमीटर अगदी सावकाश. दर वेळी दांड्याकडून फुंकर मारायची. कोंडलेली फुंकर एका क्षणी सुटते आणि वाटीतला भुसा थेट डोळ्यांत येतो. भेट झाली! वाकून पाहिलं तर तळाशी, मधोमध, काळा ठिपका दिसायला हवा. तो बाजूला दिसला तर दुसरा ठोकळा घ्यायचा.

पुढचं काम मोठं दिसतं, पण ते निगुतीचं आहे, जोखमीचं नाही. करवतीने कोपरे उडवायचे, मग कानस. वाटीची भिंत ८-९ मिमी ठेवावी, ६ च्या खाली कधीच नाही. तळ ८ मिमी तरी हवा. दांडा १६ मिमी. पॉलिश पेपर १२० पासून २२०, ३२०, ४०० असा ६०० पर्यंत. मधे ओल्या फडक्याने पुसलं की लाकडाची रोमं उभी राहतात. ती वाळू द्यावीत आणि घासून काढावीत.

तोंडात धरायच्या नळीला एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताने फाउंटन पेन वळणारे याच्याच दांड्या वापरतात, तिथूनच मिळवता येतात. नळीचं कुसू दांड्याच्या भोकात घट्ट बसावं आणि लांबीने १ मिमीच कमी असावं. जास्त फट राहिली तर तिथे पाणी साचून पुन्हा गुडगुड. नळी बसवूनच जोड घासावा. वेगवेगळं घासलं तर दोन्हीकडच्या कडा गोल होतात आणि सांध्यातून उजेड दिसतो. नळी वाकवायची तर भडभुंज्याचा मार्ग धरावा: कढईत वाळू तापवून त्यात पुरायची, आत पाइप क्लीनर (पाइप साफ करायची लवदार तार) घालून, म्हणजे भोक चेपत नाही. वाकवली की गार पाण्यात. असा पाइप खिडकीत ठेवू नये, आपल्या उन्हात एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं.

वार्निश नको, उष्णतेने फोड येतात. बाहेरून घाण्याच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात, तो पुरता वाळला की मेण. तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. आतून मात्र खासा लेप: घट्ट चक्का आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड, मिलिमीटरभर, धुराचं भोक काडीने बंद ठेवून. दोन दिवसांत तो कडक होतो आणि पहिल्या काही वेळा लाकडाला जाळापासून वाचवतो. श्रीखंडाचा चक्का असा वाया घालवणं कुणाला पटणार नाही, पण ताकही चालतं.

तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि पाइपाचा धूर छातीत घेतला नाही तरी त्यातून सुटका नाही. त्यामुळे पुष्कळ पाइप कधी पेटतच नाहीत, ते कपाटात राहतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. त्यांची परीक्षा धुराशिवायही होते. नळीच्या तोंडातून पाइप क्लीनर सरकवायचा. तो कुठेही न अडखळता वाटीच्या तळाशी डोकावला तर काम जमलं.

आणि ज्या ठोकळ्यात तो डोकावत नाही, तो फेकू नये. ४ मिमीचं आडवं भोक आयतं पडलेलं असतं. दांड्याची बाजू कापून घ्यावी, वर लोखंडी कडं चढवावं आणि खुरप्याचं शेपूट तापवून त्यात ठोकावं. बोरीची मूठ हाताला छान बसते.