तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडीचा टायफॉइड आपल्याला होतो का?

मुळशी-मावळातल्या पोल्ट्री शेडमध्ये पशुवैद्यक म्हणून माझी बरीच वर्षं गेली, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे रविवारी चिकनची पिशवी घेऊन येणारं कुणी ना कुणी लिफ्टपाशी गाठतंच. "मॅडम, कोंबड्यांनाही टायफॉइड होतो म्हणे. तो आपल्याला लागतो का हो?"

नाही लागत. पण एवढंच सांगून वर निघून गेले तर मी अर्धवट खोटं बोलल्यासारखं होतं.

कोंबड्यांचा टायफॉइड करणारा जंतू म्हणजे साल्मोनेला गॅलिनेरम. शेडमध्ये शिरला की रोजची मरतूक वाढते, तुरे फिके पडतात, हिरवट-पिवळी हगवण लागते. मेलेली कोंबडी उघडली की कलेजी सुजलेली, आणि तिच्यावर काशाच्या जुन्या भांड्यासारखी हिरवट झाक. एकदा पाहिली की विसरत नाही. पण त्या जंतूनं अंथरुणाला खिळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपला टायफॉइड साल्मोनेला टायफीचा, आणि तो माणसाखेरीज कुणाकडे मुक्काम करत नाही. दोघांचं आडनाव एक, घराणी वेगळी.

गॅलिनेरमचा खरा सख्खा भाऊ साल्मोनेला एंटेरिटिडिस, अन्नातून माणसाचं पोट बिघडवणारा. 2008 साली या दोघांचे जीनोम, म्हणजे जनुकांच्या अख्ख्या पोथ्या, शेजारी-शेजारी ठेवून वाचले गेले. दोन्ही साधारण 47 लाख अक्षरांचे, बहुतेक मजकूर तोच. फरक मोडतोडीचा. एंटेरिटिडिसमध्ये 100 च्या आसपास जनुकं निकामी आहेत, गॅलिनेरममध्ये 300 च्या. निकामी म्हणजे पुसलेली नव्हेत. आमच्या बाल्कनीत आईचा पाटा आहे, त्यावर आता तुळशीची कुंडी असते. मिक्सर आल्यावर त्याला टाकी लावणारा कुणी बोलावला नाही, तो गुळगुळीत झाला. आहे, पण वाटत नाही. स्यूडोजीन म्हणतात तो हा प्रकार.

आता नेमकं काय मोडलं ते पाहा. एंटेरिटिडिस आतड्यातला गडी. तिथे तो दाह पेटवतो आणि त्या दाहात तयार होणारी रसायनं वापरून बाकीच्या जंतूंवर कुरघोडी करतो. गॅलिनेरम आतड्यात रेंगाळतच नाही. भिंत ओलांडून थेट कलेजी, प्लीहा गाठतो. मग आतड्यात जगायची हत्यारं कुणासाठी परजायची? जनुकात बिघाड दोघांच्याही होतात. एंटेरिटिडिसच्या पिल्लावळीत असा बिघडलेला मागे पडून संपतो, गॅलिनेरमच्या पिल्लावळीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. काही बिघाड तर पथ्यावर पडतात. पोहायच्या शेपट्या गॅलिनेरमला उरलेल्या नाहीत, आणि शरीराची पहिली बोंब नेमकी त्या शेपटीच्या प्रथिनावरून उठते.

टायफीचा जीनोम 2001 मध्ये वाचला गेला तेव्हा त्यातही 200 हून जास्त मोडकी जनुकं निघाली, त्यातली कितीतरी याच आतड्यातल्या कामांची. त्यानं शेपट्या ठेवल्या, पण अंगावर व्हीआय नावाचं पांघरूण ओढून घेतलं. लहान मुलांना हल्ली देतात ती टायफॉइडची लस त्या पांघरुणापासूनच बनते. आता, एकाच प्राण्यात रमला म्हणून जनुकं मोडली, की जनुकं मोडली म्हणून तिथेच रमावं लागलं? इथे आमच्यातही अंडं आधी की कोंबडी आधी सुरू होतं. मला वाटतं, दोन्ही हातात हात घालून चालतं.

राहिलं ते अर्धवट खोटं. भीती बाळगायची ती एंटेरिटिडिसची, कारण त्यानं भावाच्या मानानं फारसं काही गमावलेलं नाही. त्याला कोंबडीही चालते, उंदीरही चालतो, आपणही चालतो. मोठ्या कोंबडीला तो बहुधा आजारीही पाडत नाही. ती तुरेदार, खाती-पिती राहते आणि तिच्या अंडाशयातून तो अंड्यात उतरतो, कवच धुऊन काय उपयोग! 1988 च्या डिसेंबरात ब्रिटनच्या मंत्री एडविना करी यांनी देशातलं बहुतेक अंडी-उत्पादन साल्मोनेलाग्रस्त असल्याचं विधान केलं, आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. काही शास्त्रज्ञांनी पुढे तर्क मांडला की तिथल्या कोंबड्यांतून गॅलिनेरमचं उच्चाटन झालं आणि मोकळ्या झालेल्या जागेत भाऊ शिरला. दोघांच्या अंगावरची खूण एकच असल्यानं एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही थोपवत होती, असं त्यांचं म्हणणं. मला तो पटतो. शेडमध्ये रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

म्हणजे रोगानं पटापट मरणारी कोंबडी शेतकऱ्याचा घात करते, आणि ठणठणीत दिसणारी कधीमधी आपला. हे सगळं मी मागच्या रविवारी चौथ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. तोवर लिफ्ट दोनदा येऊन गेली होती.

"मग रस्सा खाऊ ना?"

"खा की. चांगला रटरटू द्या. आणि चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात."

"आणि सकाळचं हाफ फ्राय?"

मी लिफ्टचं बटण दाबलं. "ते दोन्ही बाजूंनी."