इग्वानोडॉनच्या नाकावरचा अंगठा

क्रॉयडनहून ४१० नंबरची बस पकडली की ती चढ चढत थेट क्रिस्टल पॅलेसला आणून सोडते. ताई म्हणाली होती (माझी आत्तेबहीण, तिच्याकडेच उतरले होते), अगं पहिल्यांदा लंडनला आलीयेस, टॉवर ब्रिज बघ, राजवाडा बघ, त्या पार्कात काय आहे, लोक कुत्री फिरवायला येतात तिथे. पण मी साताऱ्याहून निघतानाच ठरवलं होतं की बाकी काही राहिलं तरी चालेल, हा पार्क आणि त्यातले जुने डायनासोरचे पुतळे बघायचेच, आणि नुसते बघायचे नाहीत, तिथे बसून चित्र काढायचं.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे "सुबक व नामनिर्देशित आकृती काढा" हे वाक्य प्रश्नपत्रिकेत इतक्या वेळा येतं की मुलांना वाटतं आकृती म्हणजे मार्कांसाठी काढायची गोष्ट. मला कायम वाटत आलंय की उलट आहे, आकृती काढताना प्राणी कळतो. नुसतं वाचून मुलगा म्हणतो बेडकाला चार पाय असतात, काढायला बसला की लगेच विचारतो, मॅडम पुढच्या पायाला बोटं किती? हा प्रश्न चित्रानेच पाडलेला असतो. आणि ह्या गोष्टीचा सगळ्यात मोठा पुरावा मला माहीत असलेला, तो ह्या पार्कात तळ्याकाठी उभा आहे, १८५४ पासून.

ज्याच्यावरून नाव पडलं तो काचेचा महाल आता नाहीये, १९३६ च्या आगीत गेला. वर रुंद पायऱ्या आहेत, गच्च्या आहेत, स्फिंक्सच्या मूर्ती आहेत, आणि मोकळं आभाळ. तिथून उतारावरून चालत खालच्या टोकाला गेलं की झाडी दाट होते, तळं दिसायला लागतं, आणि मग फांद्यांमधून एकदम एक भलंमोठं हिरवट-करडं डोकं. मी तिथेच थांबले. फोटो शंभर वेळा बघितलेत, वर्गात दाखवलेत, पण तो आकार अंगावर येतो तो फोटोत येत नाही.

हे इग्वानोडॉन, म्हणजे एका प्रकारचे डायनासोर. दोन आहेत, एक उभा आणि एक बसलेला, बसलेल्याने पुढचा पंजा झाडाच्या बुंध्यावर ठेवलाय. अंगावर खवले, पाय हत्तीसारखे जाड, आणि नाकावर गेंड्यासारखं शिंग. आता आपल्याला माहितीये की ते शिंग नव्हतंच, तो त्याच्या अंगठ्याचा टोकदार काटा होता. पण १८५४ ला हे कुणाला कसं कळणार? गिडियन मँटेल नावाच्या डॉक्टरला ससेक्समध्ये दात आणि सुटी हाडं मिळाली होती, १८२५ ला त्याने इग्वानोडॉन हे नाव दिलं, आणि त्या हाडांत एक शंकूसारखं हाड होतं. ते कपाटात ठेवलं असतं तर काही अडचण नव्हती. पण प्राण्याचं चित्र काढायचं म्हटलं की ते कुठेतरी बसवावंच लागतं ना. मँटेलने आपल्या चित्रात ते नाकावर बसवलं आणि इथे तेच सिमेंटात आलं. पुढे १८७८ ला बेल्जियममध्ये बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत, तीनशे मीटरहून खोल, अख्खे सांगाडे सापडले, डझनावारी, तेव्हा काटे दोन निघाले आणि ते हाताला होते. ही चूक इतकी स्पष्ट दिसते म्हणूनच ती दुरुस्त झाल्यावर पण इतकी ठळक लक्षात राहते, असं मला वाटतं. धूसर चूक कुणी दुरुस्त करत नाही.

हे सगळं घडवणारा माणूस बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स, पेशाने चित्रकार आणि शिल्पकार. शास्त्रीय सल्ला रिचर्ड ओवेनचा, ज्याने १८४२ ला "डायनासोर" ही संज्ञा दिली. ओवेनचं म्हणणं होतं की हे नुसते फुगवलेले सरडे नाहीत, ह्यांचे पाय सस्तन प्राण्यांसारखे शरीराच्या खाली सरळ होते. पुस्तकात लिहून हे किती लोकांनी वाचलं असतं? इथे ते सिमेंटात उभं राहिलं, आणि बघायला आलेल्या हजारो माणसांच्या डोक्यात डायनासोर म्हणजे हाच, असं बसलं. शेजारच्या मेगॅलोसॉरसच्या खांद्यावर एक उंचवटा आहे, तो पण असाच, ओवेनने दुसऱ्याच एका प्राण्याचे उंच काट्यांचे मणके त्याचे धरले म्हणून आला. कुठल्या हाडाला काय समजलं ते सगळं तिथे बाहेरून वाचता येतं, उत्तरपत्रिका वाचल्यासारखं.

हॉकिन्सने १८५४ लाच एका व्याख्यानात सांगितलं होतं की एक इग्वानोडॉन उभा करायला काय काय लागलं: लोखंडाचे चार खांब, ६०० विटा, ६५० अर्धगोल नळीची कौलं, ९०० साधी कौलं, सिमेंटची ३८ पिंपं आणि फोडलेल्या दगडाची ९०. चार खांबांवर घर बांधण्यासारखंच हे, असं तो म्हणाला. मला ती यादी फार आवडते, कारण कल्पना करणं हे किती अंगमेहनतीचं काम आहे ते त्यात कळतं. आणि ३१ डिसेंबर १८५३ ला त्याने ह्याच उभ्या इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून २१ जणांना जेवायला बोलावलं होतं, ओवेन डोक्याच्या बाजूला बसला होता. म्हणजे वैज्ञानिक अक्षरशः चित्रकाराच्या कल्पनेच्या आत बसून जेवले!

मी शिक्षिका आहे म्हणून मला अजून एका गोष्टीने भरून आलं. हॉकिन्सने ह्या पुतळ्यांच्या छोट्या प्रतिकृती काढल्या आणि शाळांसाठी भिंतीवर लावायचे तक्ते पण काढले. आपण वर्गात तक्ता टांगतो ना, तेच. शोध लागून पुरतं एक आयुष्य पण झालं नव्हतं आणि शाळेतली मुलं त्या प्राण्यांकडे बघत होती.

आदल्या दोन दिवसांत मी साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि रीजेंट्स पार्कचा झू बघून आले होते. म्युझियम १८८१ ला उघडलं. सगळे लोक आत व्हेलचा सांगाडा बघायला धावतात, मी अर्धा तास बाहेरच मान वर करून उभी होते, कारण भिंतीच प्राण्यांनी भरल्यात. आल्फ्रेड वॉटरहाउस हा वास्तुरचनाकार, त्याने एकेक प्राणी आधी कागदावर काढला, त्यावरून टेराकोटात घडवले. पश्चिमेच्या बाजूला आज जिवंत असलेले, पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले. ही मांडणी ओवेनच्या मनातली. आत कमानींवर माकडं चढतायत, ती मात्र सगळ्यांना दिसतात.

झूबद्दल थोडं जास्त सांगते. १८३० ला एडवर्ड लिअर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा इथे पोपट काढायला यायचा. नंतर तो गमतीदार कवितांसाठी प्रसिद्ध झाला आणि १८७३ ला आपल्या मुंबईत पण उतरला होता, पण मला तो पोपटांचाच लिअर वाटतो. तोपर्यंत बरेच चित्रकार पेंढा भरलेल्या कातड्यांवरून पक्षी काढायचे, आणि पक्षी मेला की डोळ्याचा, चोचीजवळच्या उघड्या कातडीचा रंग जातो. लिअर जिवंत पक्षी काढायचा, रखवालदाराला पक्षी धरायला सांगून पंखांची मापं घ्यायचा. मग तो स्वतःच ते चित्र दगडावर उतरवायचा, शिळाछाप म्हणजे, आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमुळे ज्याची ओळख आहे ते तंत्र. तर त्याने एक निळा मकाव काढला आणि हायसिंथ मकाव म्हणून छापला. १८५६ ला बोनापार्ट नावाच्या पक्षीतज्ज्ञाने ओळखलं की ही जात वेगळीच आहे, आणि तिला लिअरचंच नाव दिलं. पण हा पक्षी रानात नेमका राहतो कुठे ते १९७८ पर्यंत कळलं नव्हतं, मग ब्राझीलच्या बाहिया भागात सापडला. नाव मिळाल्यापासून पत्ता मिळेपर्यंत १२२ वर्षं गेली. त्या मुलाने चोचीच्या बुडाशी असलेला पिवळा डाग जसा दिसला तसा काढला म्हणून हे झालं, "साधारण असाच असतो" म्हणून काढला असता तर झालं नसतं.

ह्याच झूमध्ये जोसेफ वोल्फने डार्विनसाठी एक काळं शेंडीवालं माकड काढलं, एकदा शांत बसलेलं आणि एकदा कुरवाळल्यावर खूश झालेलं. डार्विनच्या १८७२ च्या भावनांवरच्या पुस्तकात ती दोन चित्रं आहेत. त्या काळात हलतं जनावर कॅमेऱ्यात पकडणं अवघड होतं, म्हणून माकडाचा आनंद वोल्फच्या पेन्सिलीनेच पकडावा लागला. ट्रॅफल्गर स्क्वेअरचे सिंह मी बसमधूनच बघितले. लँडसीअर ह्या चित्रकाराचे, १८६७ चे. झूमधल्या मेलेल्या सिंहावरून त्याने काम केलं आणि काम पुरं व्हायच्या आत तो सिंह कुजला, हे माहीत असल्यामुळे त्यांच्या पंजांकडे बघताना जरा हळहळ वाटली.

तर परत पार्कात. तळ्याकाठी बसून मी इग्वानोडॉन काढायला घेतला आणि मला हॉकिन्सचा हात एका वेगळ्या कारणाने ओळखीचा वाटायला लागला. ह्या पुतळ्यांच्या वीस वर्षं आधी, तरुणपणी, त्याने भारतातल्या प्राण्यांच्या एका मोठ्या चित्रसंग्रहाच्या शिळाछाप पाट्या केल्या होत्या. तो संग्रह कंपनी सरकारच्या तोफखान्यातल्या थॉमस हार्डविक ह्या अधिकाऱ्याचा, आणि चित्रं काढणारे आपल्याकडचे चित्रकार. हजारो चित्रं. कासवं, साप, पक्षी, मासे, प्रत्येक खवला मोजून काढल्यासारखा. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. हार्डविकचं नाव आहे, मजकूर लिहिणाऱ्या ग्रेचं आहे, हॉकिन्सचं आहे. मला हे फार लागतं, मनापासून सांगते. इंग्लंडमधल्या ज्या माणसाने जगाला पहिल्यांदा पूर्ण आकाराचे डायनासोर दाखवले, त्याच्या हाताला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीचं वळण लावण्यात त्या बिननावाच्या चित्रकारांचा वाटा होता असं मी धरून चालते. इग्वानोडॉनच्या मानेवरच्या वळ्या काढताना तेच डोक्यात होतं.

दुपारी ढग आले. मेगाथेरियमकडे जाऊन आले, तो महाकाय स्लॉथ (नामशेष झालेला एक सस्तन प्राणी) तिथे एका खऱ्या झाडाला मिठी मारून उभा केलेला आणि झाड वाढत गेलं तसा त्याचा हात मोडला होता. हायलिओसॉरसची मूळ मान आणि डोकं बाजूला जमिनीवर ठेवलंय, पुतळ्यावर आता हलकं नवीन डोकं आहे. इक्थिओसॉरसच्या डोळ्याभोवती हाडांच्या चकत्यांचं कडं उघडं दाखवलंय, जिवंत प्राण्यात ते दिसलं नसतं, पण सांगाड्यात दिसतं म्हणून हॉकिन्सने ठेवलं.

शेवटी मोसासॉरस शोधला, समुद्रात राहणारा नामशेष सरपटणारा प्राणी. तो पाण्यात आहे, पटकन सापडत नाही. मी सकाळपासून मनात एकच घोकत होते की चित्रात "माहीत नाही" असं ठेवता येत नाही, निर्णय घ्यावाच लागतो, आणि ह्या प्राण्याने मला थांबवलं. मोसासॉरसची त्या वेळी मुख्यतः कवटीच नीट माहीत होती, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला सापडलेली. बाकीचं शरीर कसं असेल ह्याला आधार नव्हता. हॉकिन्सने डोकं, पाठीचा भाग आणि थोडा वल्ह्यासारखा हात एवढंच घडवलं आणि त्याला तळ्यात ठेवलं. उरलेलं पाण्याखाली. आणि पाण्याखाली काही नाहीच.

मी वहीचं नवीन पान काढलं. जबडा, दात, डोळा, पाठीचा बाक, मग पाण्याची रेघ. रेघेच्या खाली पान कोरं ठेवलं. पावसाचे थेंब पडायला लागले होते म्हणून घाईघाईत कडेला नावं दिली, बाण काढले, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, मोसासॉरस, पाण्यावरचा भाग. ताईचा फोन आला, कुठेयस, भिजशील. म्हटलं, निघालेच.