चोक ओढला की सुरू, दोन सेकंदांत बंद : माझा अनुभव

थंड गाडी चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, दोन-तीन सेकंद छान चालते आणि गपकन बंद पडते. जरा थांबून किक मारली की पुन्हा तेच. माझ्या आरएक्स १०० ला हे लागलं तेव्हा इथल्या एका गॅरेजात सांगितलं, "कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, बोअर करून (सिलिंडर आतून कापून) घ्या." कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत बोअरिंग उत्तम होतं, पण म्हणून धडधाकट सिलिंडर तिथं कशाला न्यायचा? कॉम्प्रेशन गेलेली गाडी मुळात सुरू व्हायलाच त्रास देते. सुरू होऊन दरवेळी तेवढ्याच सेकंदांनी बंद पडणारी गाडी पेट्रोल मागत असते.

जुन्या, कार्बोरेटरच्या स्प्लेंडरसारख्या गाडीत चोक म्हणजे हवा अडवणारी पत्र्याची झडप. आरएक्स १०० सारख्या गाडीतल्या प्लंजरच्या (वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याच्या) चोकमध्ये तसं काही नसतं. तिथं थंड गाडीला जादा पेट्रोल द्यायची वेगळी वाट असते आणि प्लंजर उचलला की ती उघडते. या वाटेला पेट्रोल मिळतं ते फ्लोटच्या वाटीतल्या (कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं ती वाटी) एका अरुंद, खोल खळग्यातून. खळगा भरतो तळाजवळच्या बारीक भोकातून. हा स्टार्टर जेट. त्यात कचरा अडकला तरी गाडी उभी असताना पेट्रोल झिरपत झिरपत खळगा भरतो. किक मारली की तेवढं संपतं, मागून येत नाही, इंजिन बंद. भोक पूर्ण बुजलं तर चोक ओढला काय नि न ओढला काय, सारखंच.

आणि माझा राग आहे तो इथंच. "कार्बोरेटर साफ केला" म्हणजे मेन जेट आणि पायलट जेट (रोजच्या चालण्याला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या) काढले, हवा मारली, बसवले. वाटी फडक्यानं पुसली. स्टार्टर जेट दाबून बसवलेला असतो, स्क्रूड्रायव्हरनं निघत नाही, रिपेअर किटमध्येही येत नाही, म्हणून त्याच्याकडं कुणी बघतच नाही. पैसे साफसफाईचे द्यायचे आणि दोष जिथल्या तिथं!

वाटी काढल्यावर ती उजेडात तिरकी धरा. खळग्याच्या तळाशी पिवळट चिकट थर किंवा पांढरी भुकटी दिसेल. फ्लोट, नीडल आणि रबरी रिंगा बाजूला ठेवा, कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्यानं रबर फुगतं. वाटीत क्लीनर मारून अर्धा तास मुरू द्या. मग विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार भोकातून फिरवा. क्लच केबलची पोलादी तार घालू नका. पितळेचं भोक मोठं झालं की परत लहान होत नाही. शेवटी खळग्यात वरून क्लीनर मारायचा. भोकातून सरळ धार आली तरच काम झालं, नुसते थेंब आले तर पुन्हा मुरवा. डोळ्यांवर चष्मा हवा, फवारा उलटा येतो. खळग्यात उतरणारी पितळी नळी विसरू नका. प्लंजर काढून तिच्यातून फवारा मारला की तो प्लंजरच्या भोकातून बाहेर यायला हवा.

प्लंजर हातात आहे तोवर त्याच्या बुडाचं रबर नखानं दाबून बघा. दगडासारखं कडक किंवा खोल गोल खाच पडलेलं असेल तर बदला. ते नीट बसलं नाही की चोक कायम थोडा उघडा राहतो : प्लग काळा, ॲव्हरेज कमी, गरम गाडी सुरू व्हायला कटकट. केबलचा चोक असेल तर केबलला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा, ताठ केबलही प्लंजर उचलून धरते.

हे खरं तर गाडी उघडण्याआधीच बघायचं : इंजिन गरम असताना चोक ओढा. गाडी अडखळली तर चोकची वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर प्लग काढा. काजळी असेल तर चोक गळतोय, तपकिरी असेल तर वाट बुजलीय. आणि थंड गाडीला चोकवर किक मारताना रेस अजिबात द्यायची नाही. मूठ पिळून कार्बोरेटरमधली स्लाइड (हवेची वाट उघडणारा दट्ट्या) उचलली की चोकच्या वाटेवरची ओढ कमी होते आणि जादा पेट्रोल येत नाही. दुरुस्तीनंतरही "चोक चालत नाही" म्हणणारे बरेचजण मूठ पिळूनच किक मारतात.

इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली. ते पाणी जड, वाटीच्या तळाशी बसतं, बरोबर त्या भोकापाशी. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटी रिकामी करून ठेवा.