हंसाबाई सांगत होत्या

आज रात्री जुन्या काळातील चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ पुन्हा वाचून संपवले. हे आत्मकथन मी पहिल्यांदा वाचले ते महाविद्यालयात असताना, तेही लपवून, कारण आमच्या घरात या पुस्तकाचा विषय दबक्या आवाजातच निघत असे. त्या वयात मी त्यातले दारू पिणे, घर सोडून जाणे आणि परपुरुष एवढेच वाचले. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्याच पानांत मला एक कमावती मुलगी दिसली, आणि ती इतकी वर्षे आपल्याला दिसलीच नाही याचे फार वाईट वाटले.

हंसाबाईंचा जन्म १९२३ सालचा, मूळ नाव रतन साळगावकर. खेळण्याबागडण्याच्या वयात त्या स्टुडिओत उभ्या राहिल्या, कारण घरात पैसे यायला हवे होते. लग्न झाल्यावर तरी हे थांबेल आणि चारचौघींसारखा संसार करता येईल, अशी त्यांना आस होती. नवऱ्याला मात्र त्यांची कमाईही हवी होती आणि त्यांच्यावर संशयही घ्यायचा होता. घर तुझ्यावर चालते म्हणून तू काम सोडायचे नाहीस, आणि काम करतेस म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवता येत नाही, हा दुहेरी फास मला त्या पुस्तकातील सर्वांत भयंकर गोष्ट वाटतो. व्यसन, पळून जाणे, ज्याच्या आधाराला जावे त्यानेच कोंडून ठेवणे, हे सारे त्यानंतरचे आहे. आम्ही मात्र कथा तेथूनच वाचायला सुरुवात केली आणि बाई वाया गेली असा निकाल देऊन मोकळे झालो.

१९४१ च्या ‘संत सखू’ या चित्रपटात त्या सखू झाल्या. घरच्यांचा जाच मुकाट सोसणारी ती सून पाहून प्रेक्षकांनी डोळे पुसले असतील. पडद्यामागच्या बाईने तेच सोसले आणि पुढे ते बोलून दाखवले, तेव्हा मात्र समाजाला ती निर्लज्ज वाटली. त्यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांहून अधिक काळ चालला, आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या या आत्मकथनाला त्याच चित्रपटाचे नाव मिळाले. पुस्तक १९७० साली आले. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या, वयाची पन्नाशीही न गाठता. त्यांच्या आयुष्यावर आधारलेल्या ‘भूमिका’ या चित्रपटासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा मला आनंद आहे, परंतु मूळ सांगणारीला जिवंतपणी समजून घेणारे किती होते, हा प्रश्न त्या आनंदाने पुसला जात नाही.

ऐकण्याची ही टाळाटाळ जुन्या काळापुरती राहिली असती तर मी आज एवढी अस्वस्थ झाले नसते. केरळमध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चित्रपटसृष्टीतील स्त्रिया समितीपुढे बोलल्या. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारकडे गेला आणि लोकांपुढे आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही मजकूर वगळून. ज्या स्त्रियांनी काम गमावण्याची भीती बाजूला ठेवून तोंड उघडले, त्यांनी ही साडेचार वर्षांहून अधिक काळाची शांतता कशी काढली असेल?

माझी भाची मालिकांत काम करते. सकाळी सातचा कॉल टाइम असतो, पॅकअप रात्री केव्हा होईल याचा नेम नसतो, आणि मानधन तीन महिन्यांनी हाती येते. थोडे वजन वाढले की तिच्या फोटोंखाली अनोळखी माणसे जे लिहितात ते मी वाचले आहे. ते येथे उतरवून ठेवण्याची माझी इच्छा नाही. मघाशी तिचा फोन आला तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवरच होते. बोलता बोलता मी तिला विचारले, “तुझे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात गं?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बाबांच्या. का गं मावशी?”

मी तिला फोनवर काही समजावत बसले नाही. पुढच्या आठवड्यात तिला एक दिवस सुट्टी आहे. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.