तांडेलाच्या जागी

शुक्रवारचं डायलिसिस उरकलं, यांना सासूबाईंच्या हवाली केलं आणि मी नि माझी धाकटी जाऊ वसईहून निघालो. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँचा बंद, म्हणून पनवेल-पेण करत एसटीनं रात्री अलिबाग गाठलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, १६ जुलै २०२२, कार्मेल मातेचा सण. अलिबागहून कोर्लईच्या कार्मेल माता चर्चपर्यंत पायी जायचं, हे मी यांच्या हातात फिश्चुला केला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडल्या, त्या दिवशीच ठरवलं होतं.

वाट वीस-बावीस किलोमीटरची. पहाटे पाचला रेनकोट चढवून निघालो. आषाढी होऊन सहाच दिवस झाले होते. आक्षीच्या अलीकडे टपरीवरच्या बाईंनी आमच्या हातातल्या जपमाळा पाहिल्या, "तुमचीपण वारीच ना?" म्हणाल्या आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

नागाव-चौलच्या वाड्यांमध्ये मधेच मोठं आभाळ दिसायचं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तिथल्या पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्या जागा. आता तिथे गुडघाभर रोपं होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ती लावणाऱ्यांबद्दल मला फार माया वाटली.

जाऊ नमो मरिया म्हणत होती, मी नुसते मणी ओढत होते. खरं सांगायचं तर मार्चपासून माझी प्रार्थना अडली होती. मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय लहानपणापासून पाठ. तारवात पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. शिष्य त्याला उठवतात, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, म्हणून विचारतात. दर सोम-बुध-शुक्र त्या मशीनसमोर बसून मीही तेच विचारत होते. त्याच्या झोपेचा मला राग आला होता.

रेवदंड्याला खाडीकाठी मासेमारी बंद म्हणून होड्या शाकारून ठेवल्या होत्या. एक म्हातारे कोळीबाबा दोर तपासत होते. कुठं निघालात, म्हणाले. सांगितलं. मग का, तेही सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं. होडीच्या मागच्या टोकाला कोण बसतं, मी विचारलं.

"तांडेल. सुकाणू तिथंच ना," ते म्हणाले. "पोरी, वादळात आमी लाट बघत नाय. तांडेलाकडं बघतो. तो निवांत बसला असंल तर समजायचं, चाललंय."

मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मला ती झोप म्हणजे बेफिकिरी वाटली. तो झोपला होता ती जागा तांडेलाची, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. "उगा राहा, शांत हो," हे तो समुद्राला म्हणाला, पण वारा पडायच्या आधीही तो त्याच होडीत होता, ओला, त्यांच्याबरोबर.

कुंडलिकेच्या पुलावर वाऱ्यानं छत्री उलटी केली. "ताई, रिक्षा करूया का?" जाऊनं विचारलं. नको म्हटलं. साळाव मागे पडलं, पाय सुजले, कोर्लई आली.

मिस्सा संपली होती. दोन आज्या वेदीपाशी त्यांच्या बोलीत माळेची प्रार्थना म्हणत होत्या. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, ती पोर्तुगीज वळणाची बोली मात्र या गावाच्या तोंडी राहिली. एक शब्द कळत नव्हता, मण्यांची लय तेवढी कळत होती. पर्समध्ये चिठ्ठी होती, रक्तातलं क्रिएटिनिन उतरू दे, मूत्रपिंड मिळू दे, असं सगळं लिहिलेली. ती मी मातेच्या पायाशी ठेवली आणि मागच्या बाकावर येऊन बसले. पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

जाऊनं खांदा हलवला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

"ताई, उठा. एसटी चुकेल. किती गाढ झोपला होतात!"

मार्चपासून मला अशी झोप लागली नव्हती. बाहेर पाऊस तसाच होता. आम्ही रेनकोट चढवले आणि फाट्याकडे निघालो.