वाटी आणि टेंडन, एकाच गुडघ्यात

गुरुवार, रात्री उशिरा

वाटी फुटलेले गुडघे आमच्याकडे नेहमीचेच. पावसाळ्यात बाईक घसरली की आधी गुडघाच आपटतो. पण वाटी मधोमध फुटलेली आणि तिच्या खालचं टेंडन (वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) तेही सुटलेलं, असं एकत्र क्वचितच येतं. आज आलं.

एक्स-रेत फ्रॅक्चर इतकं ठळक की नजर तिथेच अडकते. आमच्या सर्जन सरांनी बोट ठेवलं ते खालच्या तुकड्यावर. एरवी मांडीचा स्नायू वरचा तुकडा ओढून नेतो, खालचा टेंडनमुळे जागीच राहतो. इथे तोही वर सरकलेला. पाय सरळ उचलता येत नव्हता, पण ते नुसत्या फ्रॅक्चरमध्येही होतं. वाटीच्या खाली दाबून पाहिलं तर टेंडन हवं तिथे बोट खड्ड्यात गेलं.

ऑपरेशन थिएटरात अडचण जागेची. वाटी जोडायला दोन उभ्या के-वायर (हाडात घालायच्या पातळ, ताठ सळया) आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठसारखी आवळलेली तार. टेंडन शिवायचं तर त्याचे जाड दोरेही त्याच हाडात उभी भोकं पाडून वर न्यायचे. एवढंसं हाड, तेही फुटलेलं! आधी हाड सांधलं, मग के-वायर चुकवत, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) बघत बघत ड्रिल केलं. टेंडनवर ताण येऊ नये म्हणून वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत आणखी एक तार.

गाठ मारण्याआधी मात्र सर थांबले. दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचा एक्स-रे समोर लावला. टेंडन साधारण वाटीएवढंच लांब असतं. जास्त आवळलं तर वाटी खाली बसते आणि गुडघा वाकत नाही. ढिलं राहिलं तर पाय पूर्ण सरळ होत नाही. मला विचाराल तर सगळं ऑपरेशन या गाठीत आहे. बाकी सुतारकाम.

संध्याकाळी राउंडला पेशंटच्या बायकोचा, काकूंचा, पहिला प्रश्न, "मांडी घालून बसता येईल ना?" काका भजनात पखवाज वाजवतात. सर म्हणाले, इतक्यात नाही. आधी ब्रेस, मग गुडघा टप्प्याटप्प्याने वाकवायचा. ती नडगीची तारही पुढे काढावी लागेल. काकूंचा चेहरा उतरला. काका मात्र निवांत. "उभ्याने वाजवीन की. दिंडीत गळ्यात अडकवूनच वाजवतो."

"वाजवा," सर म्हणाले, "पण वारीचं पुढच्या वर्षी बघू."