पोरगी फौजेतून परत आली की तिचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठंही बाया मला गाठतात आणि विचारतात, "बाय, आमची पोरगी अग्निवीर हाय, चार वर्षं झाली की परत येणार म्हणे, मग तिचं काय करायचं गे?"

आधी माझं सांगते. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले तेव्हा वेशीपासून घरापर्यंत बँड, गुलाल, आईनं दारात भाकरतुकडा ओवाळला, आणि महिन्याच्या आत त्यांच्या माजी सैनिक दोस्तांनी बँकेत सिक्युरिटीची नोकरी पण बघून ठेवली. मी शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, १४ वर्षं ऑफिसर म्हणून काढून २०१७ ला आले, तर काकू म्हणाली, बरं झालं, आता केस वाढव. माझी काळी ट्रंक, पांढऱ्या पेंटनं रँक आणि नाव लिहिलेली, दुसऱ्याच दिवशी माळ्यावर भाताच्या पोत्यांमागं गेली. कुणी मुद्दाम केलं नाही, खाली जागा अडत होती एवढंच, पण जेवताना माझं लक्ष सारखं वर जायचं.

पेन्शन किती, हे पण सगळे विचारतात. नाही मला पेन्शन, ऑफिसरला त्यासाठी २० वर्षं लागतात, आणि बायकांना पर्मनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंतची ऑफिसरकी, द्या हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०२० मध्ये, मी बाहेर पडल्यावर. एकदा माजी सैनिकांच्या एका कामासाठी काउंटरवर गेले, क्लार्कनं कार्ड न बघताच कानडीत विचारलं, "यजमानरु बंदिल्लेन्री?" म्हणजे मिस्टर नाही आले का. मी म्हटलं, सैनिक मीच आहे. तो ओशाळला, खुर्ची दिली, पण फॉर्ममध्ये 'पत्नीचे नाव' एवढाच रकाना होता, मी तो खोडून 'पती' लिहिलं.

आता तुमच्या पोरींचं. २०१९ ला मिलिटरी पोलिसात बायकांची पहिली भरती निघाली, तिची रॅली आपल्या बेळगावात पण झाली होती, आणि २०२१ ला बेंगळुरूहून ८३ जणींची पहिली बॅच बाहेर पडली. त्या अग्निवीर नव्हत्या. २०२२ नंतर अग्निवीर म्हणून लागलेल्यांचं वेगळं, चार वर्षं, मग जास्तीत जास्त २५ टक्के आत राहणार, बाकीच्या साधारण पावणेबारा लाख सेवा निधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, मिलिटरी कँटीनचं कार्ड पण नाही. म्हणून घरानं आणि गावानं करायचं काम जास्त आहे.

तो पैसा तिच्या एकटीच्या खात्यात राहू दे. भावाच्या ट्रॅक्टरला नको आणि तिच्याच लग्नाला पण नको, अगदी हात जोडून सांगते. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, त्यांच्या जाहिराती घरातल्या कुणीतरी रोज बघा. दहावीवर गेलेली असेल तर बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे, ते घेऊनच ये म्हणून आत्ताच फोनवर सांगा. आधार आणि सर्व्हिसच्या कागदावर नाव एकच आहे का तेही बघा, कारण आपल्याकडं एका कागदावर मराठी वळणाचं स्पेलिंग, दुसऱ्यावर कानडी, आणि लग्न झालं की आडनावच बदलतं, पुढं प्रत्येक ठिकाणी अडतं ते.

आणि पहिले सहा महिने स्थळं आणू नका. ती पहाटे चारला उठेल, उठू दे. रस्त्यावर पळायला जाईल, लोक बोलतील, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून बोला लोकांशी. गावातल्या माजी सैनिकांच्या बैठकीला तिला बोलवा, दर्जा नसला म्हणून काय, खुर्ची द्यायला कुठला जीआर लागतो?

परवा शेजारच्या गावातली एक मावशी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग बँड पण सांगू काय गे?" मी म्हटलं, सांगा मावशी, वेशीपासून. आणि ट्रंक खालीच ठेवा, ती स्वतः हलवेपर्यंत.